दमणची यादी आणि मराठी प्रवासवर्णन

हाँगकाँगमधली माणसे सकाळी रेल्वेने लो वू गाठतात, हद्द पायी ओलांडतात, शेन्झेनमध्ये कपडे शिवायला टाकतात, पिशव्या भरतात आणि रात्री घरी परततात. अशा प्रवाशाच्या हाती असते ती यादी. वसईकरांचे शेन्झेन म्हणजे दमण. आमचे म्हणणे इतकेच की, या यादीला मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासात जागा हवी.

ही हद्द उपरी नाही. वसई १५३४ पासून, तर दमण १५५९ पासून पोर्तुगीजांकडे होते आणि दोन्ही त्यांच्या एकाच उत्तर प्रांतात मोडत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा ही दोन गावे वेगळी झाली. दमण मुक्त झाले १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्याआधीच, १ मे १९६० रोजी, मध्ये गुजरात उभा राहिला होता. त्यामुळे आजचा वसईकर विरारहून डहाणू, पुढे वापी आणि तिथून रिक्षाने दहा-बारा किलोमीटर, असा दोन हद्दी ओलांडून दमणला पोहोचतो. दमणमध्ये दारू स्वस्त. पण जमिनीवरून परतायचे तर वाट गुजरातमधूनच, आणि गुजरातमध्ये दारूबंदी. म्हणजे जाताना निर्धोक असलेली वाट येताना पिशवीतल्या एका बाटलीने गुन्ह्याची होते. हद्द म्हणजे काय, हे समजावून द्यायला आम्हांला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मात्र विद्यार्थी सांगतात, ‘आमचा कुठे प्रवास झालाय?’ यातली अर्धी मुले दमणला जाऊन आलेली असतात. ती ‘खरेदी’ होती, ‘प्रवास’ नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत त्यांना आपणच दिली आहे. विमानाने जातो तो प्रवासी आणि पिशवी घेऊन जातो तो गिऱ्हाईक, ही वाटणी अभ्यासक्रमातूनच झिरपते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला तिच्यामुळे एक अख्खा वाङ्मयप्रकार परका होतो.

आणि परंपरा तरी काय सांगते? विष्णुभट गोडसे वरसईहून (वसईहून नव्हे, ही गल्लत उत्तरपत्रिकांत नेहमी भेटते) निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला. सत्तावनचे बंड त्यांना वाटेत भेटले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये पैसा पहिल्यापासून आहे: मिळालेला, लपवलेला, लुटला गेलेला. पुस्तक जिवंत राहिले त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे. पुढच्या प्रवासवर्णनांत खरेदी बहुधा विनोदापुरती उरली आणि भाव सांगणे असंस्कृत ठरले.

आमच्या एका सहकाऱ्यांना यात चंगळवादाचा पुरस्कार दिसतो. आम्हांला उलट वाटते. चंगळवाद किंमत लपवून निसर्ग रंगवणाऱ्या लेखनात सुखाने नांदतो. यादी उघड असते. कुणी काय मागवले, कुणी आगाऊ पैसे दिले, कुणी नुसतेच ‘बघ जमलं तर’ म्हटले, यांत घराची सारी उतरंड येते.

म्हणून सत्रातल्या लेखनासाठी आम्ही दमणचा एक दिवस सुचवला आहे. प्रश्न एकच ठेवला आहे: यादीत असूनही न आणलेली वस्तू कोणती, आणि तिच्याबद्दल घरी काय सांगितले?