भिंतीचें पोट

माणसास दुखूं लागलें म्हणजे तो कण्हतो. घर कण्हत नाहीं. तें खुणा मात्र करतें, आणि त्या ओळखणारें कोणीतरी घरांत असावें लागतें.

आमचा वाडा पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. अंगणाच्या बाजूस तळघर आहे. त्यांत पूर्वीं धान्य ठेवीत, आतां लोणच्याच्या बरण्या व मोडके पाळणे असतात. वाड्यांत आम्हां तिघां बंधूंचीं कुटुंबें नांदतात. तळघर सर्वांचें, म्हणून तें कोणीच पाहत नसे. गेल्या श्रावणांत वहिनी बरणी आणावयास खालीं गेल्या व वर येऊन म्हणाल्या, "भावजी, अंगणाकडच्या भिंतीला पोट आलंय."

आम्ही हंसलों. परंतु रात्रीं दिवा घेऊन खालीं गेलों तेव्हां हंसूं मावळलें. दिवा भिंतीस अगदीं लगटून धरला असतां तिचा उंचवटा सावलीवरून स्पष्ट दिसतो. समोरून तो दिसत नाहीं. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग होती, तिच्याभोंवतीं मिठासारखी पांढरी बुकी जमली होती, व तळाशीं ओल होती.

दुसरे दिवशीं गवंड्याकडून ओळंबा आणला. तो वरच्या खुंटीस सोडून दोरी व भिंत यांमधील अंतर तीन ठिकाणीं मोजलें. वर व तळाशीं तें सारखें भरलें. मध्यें ५ सेंटिमीटर कमी. पण जुनी वांकलेली भिंत निराळी व आजहि सरकणारी भिंत निराळी. म्हणून भेगेवर कांचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिचीं दोन्ही टोकें भिंतीस घट्ट चिकटविलीं व शेजारीं तारीख लिहिली. अठराव्या दिवशीं कांच तडकली. त्या भिंतीवरील खोलींत धाकट्या बंधूंचीं नातवंडें निजत असत. त्यांचीं अंथरुणें त्याच सायंकाळीं हलविलीं.

मग तिघे बंधु एकत्र बसलों. धाकटे म्हणाले, "सिमेंटचा जाड गिलावा केला कीं झालं." थोरले म्हणाले, "तळघर वापरतो कोण? एवढा खर्च कशाला?" नदीस पूर आलेला पाहून वर कोठें पाऊस पडला असें जाणणें, यास नैयायिक शेषवत् अनुमान म्हणतात. आम्हींहि पोटावरून कारणाकडे निघालों. अंगणांत जाऊन पाहतों तों छपराची पन्हळ नेमकी त्या भिंतीच्या मुळाशीं ओतत होती. पायऱ्यांवर शिंतोडे उडूं नयेत म्हणून पांच वर्षांपूर्वीं ती तेथें वळविणारे आम्हीच! हें बंधूंस सांगतांना जीभ जड झाली. पण तें सांगितल्यावर खर्चाचा वाद मात्र संपला.

काळी माती भिजली कीं फुगते. शिवाय भिंतीमागें २ मीटर उंचीपर्यंत पाणी तुंबलें तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीस केवळ पाण्याचाच रेटा सुमारें २ टन बसतो; मातीचा निराळाच. वरून तुळयांनीं व खालून पायानें धरलेली भिंत मग मध्येंच फुगते. जुन्या भिंतींत दोन अंगांस दगड व मध्यें भर असते. चुना धुपला म्हणजे हीं अंगें एकमेकांपासून सुटतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर आंतली ओल कोंडते व पोट तेवढें झांकलें जातें.

प्रथम पन्हळीचें पाणी नळीनें दूर नेलें. दिवाळीनंतर माती वाळल्यावर स्थापत्य-अभियंत्याच्या देखरेखीखालीं तुळयांस लोखंडी टेकू दिले. बाहेरची माती काढून फुगलेला भाग एक मीटर, तोहि एक आड एक, उतरविला व चुन्यांत पुन्हां रचला. दोन्ही अंगांस बांधणारे, भिंतीच्या पुऱ्या जाडीचे दगड मधून मधून घातले. मागें काळ्या मातीऐवजीं खडी भरून तिच्या तळाशीं पाणी वाहून नेणारी नळी ठेवली, व अंगणास घराबाहेर उतार दिला. टेकू दिल्यावांचून खणणें किंवा फुगलेली भिंत स्वतः दाबून सरळ करूं पाहणें हें घर अंगावर घेण्यासारखें आहे. पोट लहान असेल व कांच वर्षभर शाबूत राहिली, तर पाणी दूर करून नुसती नजर ठेवणेंहि कित्येकदां पुरतें. पण तो निर्णय जाणत्याचा.

खर्चाचे तीन सारखे वांटे झाले. नव्या भिंतीवरहि आम्हीं कांचेची पट्टी लावून ठेविली आहे, आणि दर एकादशीस वहिनी बरणी आणावयास गेल्या म्हणजे तिजकडे पाहून येतात. वाचकांनीं पावसाळ्यापूर्वीं एकदां दिवा घेऊन आपल्या तळघरांत उतरावें. आणि घरांतील कोणी बाईमाणूस "भिंतीला पोट आलंय" म्हणाली, तर आमच्यासारखें हंसूं नये.