चार दिवसांचा मासा, एकवीस दिवसांची पाणपिसू

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

विषय : सांडपाण्याच्या संमतीपत्रांत गोड्या पाण्यातल्या अपृष्ठवंशी जीवांवरील दीर्घकालीन विषचाचणीची अट घालण्याबाबत.

महोदय,

मंडळाकडून कारखान्यांना मिळणाऱ्या संमतीपत्रांत सांडपाण्याच्या मानकांचा तक्ता असतो. सामू, बीओडी, सीओडी, तेल-ग्रीस अशा आकड्यांच्या जोडीला त्यात बहुधा एक ओळ येते : शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असावेत. केंद्राच्या पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधून ही अट आलेली आहे. त्या ओळीखाली आणखी एक ओळ यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मासे पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ठेवायचे, त्या अर्थी अट कडक आहे आणि ती राहायलाच हवी. आम्ल, अमोनिया, सायनाइड यांसारखे झटपट मारणारे विष ती पकडते. पण कारखान्याचे पाणी बारा महिने वाहते. त्या पाण्यात राहणाऱ्या जीवाला चार दिवस तग धरून भागत नाही. त्याला वाढायचे असते, कात टाकायची असते, अंडी धरायची असतात. यातले काहीही ९६ तासांत दिसत नाही.

रसायनांचा जलचरांवर होणारा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे. तिथे आमचा मुख्य प्राणी होता डॅफ्निया मॅग्ना, म्हणजे पाणपिसू. पूर्ण वाढलेली मादी चारपाच मिलिमीटरची, आरपार दिसणारी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे हृदय धडधडताना दिसते, आतड्यातले हिरवे शेवाळ दिसते आणि पाठीवरच्या पिशवीत धरलेली अंडी मोजता येतात. परिस्थिती चांगली असेल तर नराची गरजच पडत नाही. मादी एकटीच मुली जन्माला घालत राहते.

ओईसीडीच्या, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, २११ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत या प्राण्यावरची एकवीस दिवसांची प्रजनन चाचणी सांगितली आहे. चोवीस तासांच्या आतली पिल्ले घ्यायची, तीही आईच्या पहिल्या विणीतली नकोत. रसायनाच्या निदान पाच मात्रा आणि एक शुद्ध कंट्रोल. प्रत्येकात दहा माद्या, प्रत्येक मादी वेगळ्या बीकरमध्ये. तापमान १८ ते २२ अंश, सोळा तास उजेड. रोज ताजे शेवाळ भरवायचे आणि आठवड्यातून किमान तीनदा पाणी बदलायचे. पहिली वीण आठदहा दिवसांनी येते, पुढच्या साधारण दर तीन दिवसांनी. झालेली पिल्ले पिपेटने उचलून मोजायची आणि बाजूला काढायची. त्याला रविवार नाही, गणपती नाही. कंट्रोलमधल्या माद्यांपैकी वीस टक्क्यांहून जास्त मेल्या, किंवा त्यांना सरासरी साठ जिवंत पिल्ले झाली नाहीत, तर अख्खी चाचणी बाद. या शेवटच्या नियमाबद्दल मला फार आदर आहे. निरोगी पाण्यात निरोगी प्राणी कसा वागतो हे आधी सिद्ध करा, मगच विषाबद्दल बोला, असे तो सांगतो.

या चाचणीत जे दिसते ते छोट्या चाचणीत का दिसत नाही, त्याचे एक उदाहरण देते. पायरिप्रॉक्सिफेन हे कीटकनाशक कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी आणि डासांच्या अळ्यांसाठी वापरतात. कीटकाच्या शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करते. अगदी थोड्या मात्रेत पाणपिसू मरत नाही, पोहत राहते, खात राहते. पाणपिसूवरची अठ्ठेचाळीस तासांची छोटी चाचणी तिला सुखरूप ठरवते. पण अंडी पक्व होण्याच्या दिवसांत हे रसायन पाण्यात असले की तिच्या पोटी मुलींऐवजी नर जन्मतात आणि एकूण पिल्लेही घटतात. जपानी संशोधकांनी हे दाखवून दिले, आणि पुढे पिल्लांचे लिंग तपासण्याची पद्धत मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात आली. आई जिवंत असते आणि वंश मात्र आटत जातो. मृत्यू मोजणाऱ्या कुठल्याही चाचणीला हे सापडणार नाही.

एवढ्याशा किड्याचे काय घेऊन बसलात, असे म्हणणाऱ्याने मत्स्यबीज केंद्रावर जाऊन विचारावे. रोहू-मृगळाची इवलीशी पिल्ले पहिले काही दिवस प्राणीप्लवकांवर जगतात, आणि कटला तर मोठा झाल्यावरही मुख्यतः तेच खातो. पाण्यातून पाणपिसवा नाहीशा झाल्या तर एकही मासा न मरता मासे कमी होऊ शकतात. जाळे रिकामे आलेला भोई कार्यालयात तक्रार घेऊन येईल तेव्हा दाखवायला मेलेला मासा त्याच्याकडे नसेल. शेवाळ खाणारे उरले नाहीत म्हणजे पाणी हिरवे पडते, तो भाग आणखी वेगळा.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट सांगते. ही दीर्घ चाचणी आपल्या देशाला नवी नाही. युरोपचा रीच कायदा २००७ पासून लागू आहे. वर्षाला शंभर टन किंवा त्याहून अधिक प्रमाणात तिथे जाणाऱ्या रसायनासाठी अपृष्ठवंशी जीवांवरच्या दीर्घकालीन विषचाचणीची माहिती हा कायदा मागतो आणि त्यासाठी डॅफ्नियालाच पसंती देतो. भारत ३ मार्च २०११ रोजी ओईसीडीच्या परस्पर माहिती-स्वीकृती व्यवस्थेचा पूर्ण भागीदार झाला. तेव्हापासून आपल्या जीएलपी, म्हणजे उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती पाळणाऱ्या, प्रयोगशाळांतला अहवाल तिकडच्या सरकारांना मान्य करावा लागतो. त्यामुळे शेवाळ भरवणारे, पिल्ले मोजणारे, आकडेशास्त्र लावणारे हात इथे तयार झाले आहेत. राइन किंवा डॅन्यूब नदीतली पाणपिसू वीस वर्षांनी कशी असेल याची काळजी इथल्या तरुण मुली पिपेट हातात धरून घेतात. मला त्या कामाचा अभिमान आहे. पण रसायनी, रोहा, कुरकुंभ, महाड, लोटे या वसाहतींतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला आपण हाच प्रश्न विचारत नाही, याचे दुःख त्या अभिमानाहून मोठे आहे.

आपण नद्यांचे जे मोजमाप करता त्यातही ही बाजू रिकामीच राहते. मंडळाचा पाणी गुणवत्ता निर्देशांक विरघळलेला ऑक्सिजन, सामू, बीओडी आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म यांवरून ठरतो. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत आणि त्यांतले ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातले. ती यादीही बीओडीवरून केलेली आहे. मैला मोजायला हे माप उत्तम. विषापुढे मात्र ते नुसते मुके नाही, फसवेही ठरू शकते, कारण बीओडी मोजतात ती जिवाणूंनी वापरलेल्या ऑक्सिजनवरून. नमुन्यात जिवाणूंना मारणारे रसायन असेल तर ते ऑक्सिजन कमी वापरतात आणि आकडा चांगला दिसतो. अशा पाण्यात जिवंत प्राणी ठेवून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आक्षेप येतील, आणि त्यांतले काही रास्त आहेत. पहिला वेळेचा. एकवीस दिवस एका रसायनासाठी ठीक. सांडपाणी रोज बदलते आणि नमुना तेवढे दिवस टिकत नाही. यावर उत्तर अमेरिकेत केव्हाच निघाले. तिथे सांडपाण्याच्या परवान्यांत सेरिओडॅफ्निया या धाकट्या पाणपिसूवरची चाचणी घेतात. तापमान २५ अंश, दहा छोट्या कपांत एकेक पिल्लू, रोज नवे पाणी, आणि तीन विणी होईपर्यंत थांबायचे. सहा ते आठ दिवसांत निकाल हाती येतो. त्या काळात सांडपाण्याचे एकाहून अधिक ताजे नमुने वापरले जातात, त्यामुळे एका दिवसाच्या चांगल्या-वाईटावर सारे ठरत नाही.

दुसरा आक्षेप प्राण्याबद्दलचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. डॅफ्निया मॅग्ना थंड मुलखातली. विसाव्या अंशावरचा तिचा निकाल आपल्या तिशीतल्या पाण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्या तळ्यांत सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा आहे, मॉइना मायक्रुरा आहे. दोन्ही उष्ण पाण्यातल्या, लवकर विणाऱ्या. त्यांच्यावर पद्धत बसवायची तर कंट्रोलला किती पिल्ले यावीत, संवेदनशीलता तपासायला पोटॅशियम डायक्रोमेटची कोणती मर्यादा धरावी, हे आधी ठरवावे लागेल. हे काम विद्यापीठांचे प्राणिशास्त्र विभाग करू शकतील, आणि त्यांना ते आनंदाने करावेसे वाटेल.

इथे माझ्या आवडत्या प्राण्याची मर्यादाही मांडायला हवी. इमिडाक्लोप्रिड हे विदर्भात कपाशीच्या बियाण्याला लावतात तेच कीटकनाशक. डॅफ्निया मॅग्ना ते लिटरला कितीतरी मिलिग्रॅम सहज सोसते. मेफ्लायच्या अळ्यांना मात्र त्याचे काही मायक्रोग्रॅमही घातक ठरतात. म्हणजे हजारो पटींचा फरक. फक्त पाणपिसू पाहून निर्धास्त राहणारा इथे फसेल. म्हणून कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यांखालच्या पाण्यासाठी कायरोनोमसची चाचणीही हवी. नदीच्या गाळात सापडणाऱ्या लाल अळ्या त्याच. त्यांच्यासाठीही ओईसीडीची अठ्ठावीस दिवसांची पद्धत तयार आहे आणि तीत गाळात बसलेले विषही मोजले जाते.

माझी मागणी सगळ्या कारखान्यांवर एका दिवसात नवा बोजा टाकण्याची नाही. सुरुवात गोड्या पाण्याच्या नद्यांत पाणी सोडणाऱ्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांपासून आणि कीटकनाशके, रंग व औषधे बनवणाऱ्या कारखान्यांपासून करावी. नमुने मार्च ते मे या काळात घ्यावेत, कारण पावसाळ्यात प्रत्येक नदी निर्दोष भासते. नदीत उन्हाळ्यात जेवढे पाणी उरते त्या प्रमाणात सांडपाणी पातळ करून त्यात पाणपिसू विते का, ते पाहावे. महापे येथील आपल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत एक वातानुकूलित खोली, शेवाळाची संवर्धने आणि कायम नेमणुकीची दोनतीन माणसे दिली तरी पहिले पाऊल पडेल. ‘कायम’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते. जिवंत संवर्धन सांभाळणारे माणूस दर सहा महिन्यांनी बदलले तर पाणपिसवा मरतात, आणि मग अहवालाला काही अर्थ उरत नाही.

निकाल जाहीर करावेत, हीही विनंती आहे. कोणत्या केंद्राच्या पाण्यात किती पिल्ले झाली आणि त्याच दिवसांत कंट्रोलमध्ये किती झाली, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले तर गावातल्या ग्रामपंचायत सदस्यालाही ते कळतील. वाईट निकालावर लगेच नोटीस काढावी असेही माझे म्हणणे नाही. आधी कारण शोधावे : नमुन्यातला अमोनिया काढून पुन्हा चाचणी घ्यावी, मग धातू बांधून, मग कोळशातून गाळून. ज्या टप्प्यावर पाणपिसू पुन्हा विऊ लागेल, तिथे दोषी घटक सापडतो. कारखान्याच्या रसायनतज्ज्ञालाही याचा उपयोग होतो, कारण तक्त्यातले सगळे आकडे मर्यादेत असताना नेमके काय सुधारायचे हे त्याला एरवी कोणीच सांगत नाही.

पद्धत बसवण्यासाठी समिती नेमलीत तर तिच्यात केवळ अभियंते घेऊ नका. ज्यांनी स्वतः पिपेटने पिल्ले मोजली आहेत अशी माणसे घ्या. ती या राज्यात आहेत, आणि बोलावलेत तर येतील. पुढच्या मार्चमध्ये पहिले नमुने घ्यायचे असतील तर त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच तळ्यांतून मॉइना आणि सेरिओडॅफ्निया पकडून आणाव्या लागतील, म्हणजे काही पिढ्या प्रयोगशाळेत रुळायला त्यांना वेळ मिळेल.

आपली नम्र,
जलचर विषचाचणी करणारी एक प्रयोगशाळा कर्मचारी