अण्णांचा तांब्या



सोलापूरचा वैशाख कसा असतो हे इथल्या सुनांना सांगायला नको. दुपारी बाराला गच्चीवर पाय ठेववत नाही आणि पंखा नुसता गरम वारा फेकतो. गेल्या वर्षी अशाच दिवसांत माझे सासरे, आमचे 78 वर्षांचे अण्णा, देवळातून आले आणि पायरीवर बसले ते उठेचनात. चक्कर येत होती, जीभ कोरडी पडली होती, बोलणंही जरा असंबद्ध. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?" अण्णा म्हणाले, "तहानच लागली नाही."

अण्णांचा रात्रीचा चारही आहारांचा त्याग आहे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी लगेच नियमाला बोल लावला, "या वयात कशाला हे?" मला ते पटलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जवळजवळ तेरा तास मिळतात. अण्णा त्या तेरा तासांतही पीत नव्हते. मग दोष नियमाचा कसा?

डॉक्टरांनी समजावलं की वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकदही कमी होते. शिवाय अण्णांची ब्लडप्रेशरची गोळी लघवी वाढवणारी. रात्री लघवीला चार-चार वेळा उठावं लागतं म्हणून ते दुपारी तीननंतर पाण्याला हातच लावत नव्हते. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणखी एक कारण मला नंतर कळलं. सासूबाई होत्या तोवर पाण्याचा तांब्या न मागता त्यांच्या हाताशी यायचा. त्या गेल्यावर तो बंद झाला. स्वयंपाकघरात येऊन स्वतः पाणी घ्यायची अण्णांना सवय नाही आणि सुनेला सारखी हाक मारायचा संकोच. माझा मुलगा शाळेतून यायची वाट बघत ते तहानलेले बसायचे. हे ऐकून मला स्वतःचाच राग आला.

आता गाळून उकळलेल्या पाण्याचा एक लिटरचा तांब्या सकाळीच त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवते. दुपारी जेवणाआधी तो रिकामा व्हायला हवा. मग दुसरा. अकराला पातळ ताक, चारला कैरीचं पन्हं किंवा लिंबू सरबत. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला दोन लिटरच्या आसपास सांगितलंय. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं, जास्त पाणीही त्यांना बाधतं. शेवटचं भांडं सूर्यास्ताच्या तोंडाशी घटाघटा नाही, तासभर आधीपासून थोडं थोडं. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडलं समजायचं. आणि उन्हात माणूस गोंधळलेला, अंग तापलेलं दिसलं तर सरबत करत बसू नका. सावलीत न्या, ओल्या कापडाने अंग पुसा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

नियमाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. औषध-पाण्याची सूट ठेवूनही रात्रीचा त्याग घेता येतो. तब्येत तशी असेल तर महाराजांना मोकळेपणाने सांगून विचारावं. लाजून लपवू नये आणि घरच्यांनी परस्पर नियम मोडायलाही लावू नये. पण दिवसभर न पिणं ही तपश्चर्या नव्हे, ती हयगय आहे. पाण्यातले बारीक जीव वाचावेत म्हणून पाणी गाळणाऱ्या आपण घरातल्या म्हाताऱ्या जिवाकडे दुर्लक्ष कसं करायचं?

आणि घरातल्या पुरुषांनाही सांगते, स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला आत्तापासून शिका. आयुष्यभर तांब्या आणून देणारं माणूस शेवटपर्यंत असेलच असं नाही.

परवा दुपारी अण्णा रिकामा तांब्या घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात आले. पाणी ओतून घेताना म्हणाले, "तू प्यायलीस का गं?" खरं सांगते, मी सकाळपासून नव्हते प्यायले.

जय जिनेंद्र.