खडकातल्या माशाची तपासणी कोण करणार?

पालघरच्या मासळी बाजारात चर्चा पापलेटची, बोंबलाची, नशीब उघडलेच तर घोळीची. खडकाच्या कपारीत राहणाऱ्या माशांकडे कुणाचे लक्ष जात नाही. वाढवण बंदरामुळे ते आता जायला हवे.

युरोपच्या थंड, खडकाळ किनाऱ्यावर ‘रॅस’ कुळातले मासे राहतात. त्यांतला बॅलन रॅस मादी म्हणून जन्मतो. मोठेपणी काहींचा नर होतो. सालमनच्या अंगावरच्या उवा तो खातो, म्हणून मत्स्यशेतीसाठी तो समुद्रातून इतका पकडला गेला, की नॉर्वेला मर्यादा घालावी लागली. सावकाश वाढणारा, जागा न सोडणारा मासा एकदा घटला की लवकर भरून येत नाही.

आपला हेकरू, म्हणजे गोबरा, वेगळ्या कुळातला. पण खडकाची ओढ आणि मादीचा नर होणे तसेच. खडक गेला, तर त्याचे घरच गेले.

जून 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या 76,220 कोटींच्या वाढवण बंदरासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि 10.14 किलोमीटरची लाटरोधक भिंत प्रस्तावित आहे. याच बंदराला 1998 मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता. 2023 मध्ये परवानगी दिली.

दक्षिणेला तारापूर औद्योगिक वसाहत. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. 2022 मध्ये लवादाने भरपाईचे आदेश दिले. भरपाईने पाणी मात्र आपोआप स्वच्छ होत नाही.

डॉक्टर म्हणून सांगतो, घाबरून मासे सोडू नका. प्रथिने आणि हृदयाला उपयुक्त मेद देणारे ते चांगले अन्न आहे. मात्र पारा मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी बोंबील, मांदेली, बांगडा असे लहान मासे खावेत. कालवे पाणी गाळून जगतात, म्हणून सांडपाण्याच्या तोंडाजवळची कालवे टाळावीत.

शस्त्रक्रियेआधी आम्ही रक्त तपासतो, म्हणजे नंतर काय बिघडले ते कळते. नवापूर, मुरबे, सातपाटी, वाढवण इथल्या मासळीची आणि कालवांची तशीच तपासणी भराव पुढे सरकण्याआधी व्हावी, दरवर्षी व्हावी आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. नोंदच नसेल, तर उद्या नुकसान सिद्ध करायचे कशाच्या आधारावर?