खालून येणारे डास

पलंगाची मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचली की काम संपलं. गादी फोडून वर यायची ताकद डासात नसते. ट्रेकवाल्या पोरांच्या हॅमॉकचं मात्र तसं नाही. ते पातळ नायलॉनचं कापड अंगाच्या भारानं ताणतं, पाठीला चिकटतं, आणि डासाच्या मादीची दोन-तीन मिलिमीटरची सोंड त्यातून बिनदिक्कत आत जाते. वरून कितीही भारी जाळी टाका, ती खालून येते. तिला तुमच्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा माग लागतो. वर कोण, खाली कोण, हे ती बघत नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत हॅमॉक कशाला, असं कुणीही विचारेल. भाच्यानं सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी घेतला आणि उन्हाळ्यात आमच्याकडे टाकून गेला. आपल्या जिल्ह्यात तो बांधायला झाड मिळणं अवघडच. नान्नजला जावं तर उघडा गवताळ माळ, आणि माळढोकाला तोच हवा असतो. येडशीच्या रामलिंगाला झाडी आहे, पण त्यासाठी धाराशिव जिल्हा गाठावा लागतो. राहिली गच्ची. जुन्या पेठांतल्या वाड्यांना माळवदं होती तेव्हा उन्हाळ्यात अख्खं घर वर झोपायचं. आता स्लॅब आला, पण पारा 43-44 वर गेला की पंखा तीच तापलेली हवा ढवळत बसतो आणि माणसं अंथरूण घेऊन वर जातात. टाकीचा खांब आणि जिन्याच्या भिंतीतला जाड हूक, एवढ्यावर हॅमॉक झकास लागतो.

ट्रेकिंगच्या दुकानात त्याची तयार जाळी मिळते, पण सोलापूरकरानं शिवलेलं कापड चढ्या भावानं विकत घ्यावं हे मला काही पटेना. बाजारात जाळीचं कापड मीटरवर मिळतं. चौरस इंचात 156 भोकं असलेली जाळी जगभर मलेरियाच्या मोहिमांत वापरतात. डासाला ती पुरते. चिलटांसाठी याहून बारीक लागते, पण तेवढी बारीक घेतली की वारा अडतो, आणि मे महिन्यात वारा अडवणं हा आमच्याकडे गुन्हाच.

तीन मीटर लांबीच्या हॅमॉकला साधारण तीन बाय साडेतीन मीटर जाळी लागते. आधी हॅमॉकच्या वर, बसल्यावर डोक्याला लागणार नाही अशा उंचीवर, एक दोरी ताणून बांधायची. जाळी तिच्यावर मधोमध टाकायची, म्हणजे दोन्ही अंगांना पावणेदोन मीटर लोंबते. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू शिवून टाकायची. फक्त हॅमॉकची दोरी बाहेर जाईल एवढी फट ठेवायची आणि ती चिमट्यानं बंद करायची. मग खालच्या सगळ्या घेराला नेफा आणि नेफ्यात नाडी. जाळी उचलून खालून आत शिरायचं, बसायचं, नाडी ओढायची. जाळी पाठीखाली गोळा होते. अंगाला ती कुठेच टेकता कामा नये, कारण टेकली की डास तिच्यातूनच चावतो. पाठीखाली वीतभर पोकळी हवीच, बाजूला कोपरापुरता मोकळेपणा हवा.

बोळातल्या शिलाईवाल्या अण्णांनी तो घेर हातात धरला, वर-खाली बघितला आणि विचारलं, “हा लेंगा हत्तीचा काय हो?” शिवून मात्र चोख दिलं. सुळसुळीत जाळी मशीनच्या दात्यांत अडकते, म्हणून त्यांनी खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून टीप मारली आणि नंतर कागद टराटरा फाडून काढला. या सदराचे एक-दोन परिच्छेद त्यात कामी आले असतील.

अण्णांच्या घरून आणखी एक सूचना आली. अक्का म्हणाल्या, “इतका खटाटोप कशाला? आत आपली चादर टाका की.” बरोबर आहे. सोलापुरी चादर एवढी जाड की सोंड तिच्यातून पाठीपर्यंत पोचत नाही, आणि पहाटेचा गारवाही पाठीला लागत नाही. पण चादर फक्त खालची बाजू सांभाळते. तोंडासाठी जाळी लागतेच. दोन्ही असलं की मग पाठीखालची पोकळी कमी-जास्त झाली तरी चालतं.

मच्छरदाणीचा सगळ्यात उलटा वापर आपल्या शेजारीच झाला. हैदराबादच्या रेल्वेवाटेवरच्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला जाळीत झोपवायचा आणि डास आत सोडायचा. चावून घ्यायचा दर डासामागे एक आणा. त्याच डासांपैकी एकाच्या पोटात 20 ऑगस्ट 1897 रोजी रॉसला मलेरियाचे जंतू दिसले.

आमच्या पेठेत डास बाहेरून यायची गरजच नाही. उजनीचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत असल्यामुळे घराघरात बॅरल भरून ठेवलेले असतात. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठ्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. तो चावतो दिवसा, म्हणजे दुपारी दुकानं बंद करून गाव आडवं होतं त्या वेळेलाही. रात्री गच्चीवर कानाशी गुणगुणणारा बहुतेक क्यूलेक्स, गटारीतला. तेव्हा हॅमॉकची जाळी रात्रीपुरती मानून दुपारी उघड्यावर पडणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

कापड थोडं उरलं होतं. अण्णांनी त्याचे गोल तुकडे कापले, प्रत्येकाला तोच नेफा, तीच नाडी. बॅरलच्या तोंडावर टाकून नाडी आवळली की आत डास शिरत नाही आणि पाणी वरून तसंच भरता येतं. आठवड्याला बॅरल रिकामा करून आतून घासायचा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. हॅमॉकच्या जाळीचं कौतुक गल्लीत कुणालाच नाही, पण या बॅरलच्या टोप्यांना मात्र मागणी आली आहे आणि अण्णांनी त्यांचा वेगळा दर लावला आहे.