गोठ्यापुरती जागा

डिसेंबरचा दुसरा आठवडा सरला की अंधेरीतल्या ख्रिस्ती घरांत दरवर्षी तोच प्रश्न निघतो: गोठा मांडायचा कुठे? गावठाणातल्या जुन्या घराला ओटा होता, ओट्याला कोपरा होता. तिथे बांबूच्या कामट्या, पेंढा, खाकी कागदाचे डोंगर आणि आरशाच्या तुकड्याचे तळे असा सारा पसारा ऐसपैस मांडता यायचा. आता चारशे चौरस फुटांत सोफा, कपाट, वॉशिंग मशीन आणि दहावीला बसलेल्या मुलीचे टेबल एवढ्यांची सोय लावून झाली की उरतो तो फ्रिजचा माथा, नाहीतर चपलांच्या कपाटावरची फळी. तिथेच मग मारिया, योसेफ, मेंढपाळ आणि एक कान तुटलेले गाढव दाटीवाटीने उभे राहतात. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत पेरलेले गहू तोवर वीतभर वाढलेले असतात, तेच कुरण. बाळाची मूर्ती मात्र कापसात गुंडाळून डबीत असते. ती चोवीसच्या रात्रीशिवाय बाहेर काढायची नाही, हा नियम घरातले सर्वांत लहान मूल सर्वांत कडकपणे पाळते.

गोठा मांडायची ही चाल इटलीतल्या ग्रेचो गावातून आली असे मानतात. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी तिथे गव्हाण, पेंढा, बैल आणि गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला. आठशे वर्षांत ती चाल राजवाड्यांतून फिरून चकाल्याच्या चाळीत पोचली आणि फ्रिजवर चढली, याचे त्या गरिबीच्या उपासकाला वाईट वाटले नसते.

येशूच्या जन्माची कथा मुळात जागेचीच कथा आहे. लूकच्या शुभवर्तमानात नावनोंदणीचा सरकारी हुकूम निघतो, नाझरेथचा सुतार दिवस भरत आलेल्या मारियेला घेऊन बेथलेहेमला येतो आणि तिथे उतरायला जागा मिळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेच कुटुंब राजाच्या भीतीने रातोरात मिसरला पळते. मुंबईकराला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार आणि ‘तुमच्याकडे मांसमच्छी शिजते का हो?’ हा सोसायटीच्या सेक्रेटरीने अगदी गोड आवाजात विचारलेला प्रश्न ज्याने ऐकला आहे, त्याला बेथलेहेम लांब नाही.

मौज अशी की हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो, त्यांतल्या काहींच्या पणज्या याच जमिनीत भात लावत होत्या. मरोळ, कोंडिविटे, चकाला, सहार, मुळगाव, आंबोली ही आज मेट्रोच्या फलकांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि बिल्डरांच्या जाहिरातींत दिसणारी नावे शेतकऱ्यांच्या गावांची आहेत, आणि त्या शेतकऱ्यांत मोठा भाग ख्रिस्ती होता. स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणारा हा समाज बाहेरून आलेला नाही. पोर्तुगीज सत्तेखाली इथल्याच कुणबी, कोळी, भंडारी घरांनी हा धर्म घेतला. १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, तरी ही घरे आपल्या धर्मासकट आणि आपल्या मराठीसकट जिथल्या तिथे राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर १८८७ मधले, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षातले. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे ब्रिटिश सरकारच्या आणि रेल्वेच्या साहेबाला कळावे म्हणून घेतलेले. साहेबाला कळले. मराठी वाचकाला अजून पुरते कळलेले नाही. आमच्यासकट बहुतेक वृत्तपत्रांचा नाताळ वांद्र्याच्या हिल रोडवर सुरू होतो आणि पंचतारांकित हॉटेलातल्या केकवर संपतो.

या समाजाची जागा कशी गेली, हे पाहायचे तर सीप्झमध्ये जावे. जाता येणार नाही, कारण फाटकावर ओळखपत्र लागते. १९७३ पासून निर्यातीसाठी राखलेल्या या वसाहतीच्या आत, हिऱ्यांच्या आणि संगणकाच्या कंपन्यांमध्ये, संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ मध्ये जेझुइटांनी ते बांधले. १८४० मध्ये रोगाची साथ आली, गाव उठले आणि लोक मरोळला गेले. वेदी, मूर्ती, बाप्तिस्म्याचे कुंड असे सगळे बरोबर घेऊन नवे चर्च उभे राहिले. मागे राहिलेल्या भिंतींना झाडांच्या मुळांनी कवळले. पुढे आजूबाजूची शेते औद्योगिक वसाहतीत गेली, सीप्झचे कुंपण पडले आणि पूर्वजांचे चर्च कुंपणाच्या आत राहिले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगीने फाटक उघडते आणि त्या छप्पर नसलेल्या भिंतींत मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होते. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या देवळात जायला पास लागावा, यावर या लोकांनी मोठे आंदोलन केले असते तर कुणाला नवल वाटले नसते. ते पास काढतात, टोपी-छत्री घेऊन येतात आणि प्रार्थना करून परततात. हा सोशिकपणा आम्हाला कौतुकाचा वाटतो आणि खटकतोही.

शेत गेले तशा शेताभोवतीच्या रीती आक्रसल्या. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घ्यायचा आगेरा हा सण आता पुन्हा हौसेने होतो, पण लोंब्या बहुतेक वेळा विकत किंवा मागून आणाव्या लागतात. नाताळाचे तसे झाले नाही, कारण नाताळाला शेत लागत नव्हते. त्याला घर लागते. आणि घर लहान झाले तरी घरातली माणसे, खरे तर घरातली बाई, हा सण ओढून नेत आली आहे.

त्या ओढण्याची सुरुवात डिसेंबरात होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळतात, धणे, हळकुंड, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजले जातात, कुटले जातात आणि बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरले जातात. म्हणून तो बाटली मसाला. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराच्या मते शेजारणीचे चुकलेले. पूर्वी कुटायला बाया गावठाणात फिरत यायच्या, त्यांची उखळे आणि गाणी अंगणात चालायची. आता गिरणी आहे, अंगण नाही. नाताळातले सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, या मसाल्याशिवायही होते, पण मटणाच्या रश्शापासून कालवणापर्यंत बाकी सगळे याच बाटलीवर चालते. सोरपोतेल तर दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करत मुरवायचे. पंचवीस तारखेला फुग्यांबरोबर खायचे. पिठाचे हे पोकळ, तळलेले गोळे पूर्वी ताडीने आंबवत. अंधेरीत ताडी मिळायची बंद झाली आणि यीस्टच्या पुड्या आल्या. चव बदलली असे म्हातारी माणसे म्हणतात, आणि मग चार जास्त खातात.

पण खरा नाताळ कुलकुलांचा. मैदा, अंडे, नारळाचे दूध यांचे पीठ मळायचे, बोटाएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या फणीवर दाबून वळायची, की शिंपल्यासारखी वळकटी होते. एका माणसाचे हे काम नाही. शेर-दोन शेर पिठाची कुलकुले वळायची तर आजी, सून, नणंद, शेजारच्या मजल्यावरच्या काकू आणि पोरेटोरे जमिनीवर चादर टाकून बसलीच पाहिजेत. त्या तीन-चार तासांत कुणाचे लग्न कुठे जुळते आहे, कुणी चर्चला यायचे सोडले आहे, कॅनडातल्या भाच्याने पाठवलेल्या फोटोत ती मुलगी कोण, हे सगळे निघते. मध्येच आजी रोझरी सुरू करते आणि पिठाच्या हातांनी मणी न मोजता पन्नास ‘नमो मारिया’ पुऱ्या होतात. कुणी मोजत नाही, आणि चुकतही नाही.

आता तीच कुलकुले पाकिटात मिळतात. पॅरिशच्या महिला मंडळाच्या स्टॉलवर, बेकरीत, व्हॉट्सॲपवर ऑर्डर देऊन. यावर हळहळणारे लेख दरवर्षी येतात आणि ते बहुधा ज्यांनी कधी पीठ मळले नाही अशा पुरुषांचे असतात. आठ तास नोकरी, दोन तास लोकल करणाऱ्या बाईने कुलकुले विकत आणली तर त्यात धर्म बुडत नाही. शिवाय ती वळणारीही कुठली तरी बाईच असते आणि तिच्या मुलाची फी त्यातून जाते. आम्हाला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. चादर टाकून दहा माणसे बसायला जागा लागते. ती नव्या घरात नाही, आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात स्विमिंग पूल असला तरी ओटा नसतो.

अंधेरीत अर्थात ईस्ट इंडियन एकटे नाहीत. गोवेकर आहेत, मंगळूरकर आहेत, मल्याळी आणि तमिळ घरे आहेत, प्रत्येकाची मिस्सा आपापल्या भाषेत. आणि आहेत नगर, जालन्याकडून आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे. त्यांच्या घरी नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा, लाडू. उपासनेला पेटी आणि टाळ. आणि शेल्फवर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या वाटेने मराठीत आणले, पण त्या वाटेवर फादर स्टीफन्स त्यांच्याही तीनशे वर्षे आधी चालून गेले होते. त्यांचे मराठी ओवीतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले त्यांच्याकडे नाताळात तेच ताट करंज्या-कुलकुलांनी भरून जाते, आणि रिकामे ताट परत करायचे नाही हा दंडक दोन्ही बाजू पाळतात.

चोवीसच्या रात्रीच्या मिस्सेचे मात्र सगळे वेळापत्रक बदलले. मध्यरात्रीची मिस्सा हे नाव राहिले, मध्यरात्र राहिली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद झाला. चर्चमध्ये एवढी माणसे मावत नाहीत म्हणून मिस्सा मैदानात, मैदानात म्हणून माइक, माइक म्हणून दहाच्या आत. मुंबईतल्या बऱ्याच पॅरिशनी कुरकुर न करता मिस्सा अलीकडे ओढली. काही सणांना वर्षातून ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते आणि तीही काही मंडळांना पुरत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या समंजसपणाची नोंद करावी. बाराच्या ठोक्याला घंटा, मग थंडीत कुडकुडत घरी येऊन केक आणि घरच्या द्राक्षांच्या वाइनचा घोट, ही मजा गेली हे खरे. पण अंधेरीच्या घरांना हा बदल सोयीचाही पडला. ही माणसे विमानतळावर, हॉटेलांत, इस्पितळांत पाळीने राबणारी. सणाच्या रात्री विमाने उतरायची थांबत नाहीत आणि रुग्णही. साडेनऊला मिस्सा आटोपली की नवे कपडे बदलून गणवेश चढवायचा आणि दहा-अकराच्या पाळीला हजर व्हायचे. महाकाली रस्त्यावरच्या होली स्पिरिट इस्पितळात पंचवीसच्या पहाटे जी परिचारिका सलाइन बदलते, तिचा नाताळ दुपारी घरी गेल्यावर सुरू होतो.

नाताळाआधी चार रविवार आगमनकाळाचे: चार मेणबत्त्यांची हिरवी वेल, जांभळी वस्त्रे, कन्फेशनच्या रांगा, गिटार घेऊन जिने चढणारी कॅरोलवाली पोरे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची पिशवी घेऊन कुणी एकट्या म्हातारीकडे तांदूळ-साखर पोचवते. हे काम गाजावाजा न करता चालते, म्हणून आम्हीही त्याचा गाजावाजा करत नाही.

नाताळानंतरचा रविवार चर्चच्या पंचांगात पवित्र कुटुंबाचा. चकाल्याचे चर्च याच नावाचे, होली फॅमिली. त्या दिवशी वाचायचे पाठ तीन वर्षांच्या फेऱ्यात बदलतात. एका वर्षी मिसरला पलायन. एका वर्षी बाळाला मंदिरात नेणे. आणि एका वर्षी तो प्रसंग, ज्यात बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, ती दोघे तीन दिवस त्याला शोधतात आणि सापडल्यावर तो उलट त्यांनाच विचारतो की शोधलेत कशाला. बाकांवर बसलेल्या पालकांपैकी अर्ध्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी ओळखीचे हसू येते. उरलेल्यांची मुले दुबईत, टोरोंटोत किंवा मेलबर्नला असतात आणि त्यांचा शोध व्हिडिओ कॉलवर चालतो. गोठा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचा, गाढवाचा कान अजून चिकटवला नाही यावरून बोलणे खायचे.

जी मुले रजा टाकून येतात ती तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत क्वचितच टिकतात. एकतीसला गल्लीतल्या पोरांनी केलेला ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, पेटला, वर्गणी काढलेल्या पैशांची मेजवानी झाली, की दोन दिवसांत बॅगा भरायला घेतात. सहारच्या घरांतून विमानतळ चालत जाण्याइतका जवळ, तरी निरोपाला सगळे घर तीन तास आधी तयार. वजनकाट्यावर बॅग दोन किलोंनी जास्त भरते. आई म्हणते बाटली मसाला काढायचा नाही. मुलगा म्हणतो, तिकडे इंडियन स्टोअरमध्ये सगळे मिळते. वाद थोडा वेळ चालतो आणि बॅगेतून बूट काढून पायात घातले जातात.