बोट घेण्याआधी इंजिनाचे झाकण उघडा

सरकारी खात्यासाठी केबिन असलेली यांत्रिक बोट घ्यावयाची असते तेव्हा निविदेत लांबी, अश्वशक्ती, वेग, आसने, वातानुकूलन यांची तपशीलवार नोंद असते. इंजिनापर्यंत माणसाचा हात पोहोचतो काय, हा प्रश्न मात्र बहुधा 'देखभालीस सोयीची असावी' एवढ्या वाक्यात उरकला जातो. माझ्या मते हे वाक्य निरर्थक आहे. ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधारे कोणतीही बोट नाकारताही येत नाही.

विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात केवळ पोलिसांसाठी २०४ बोटी मंजूर झाल्या होत्या. सीमाशुल्क, बंदरे, मत्स्यव्यवसाय, पर्यटन यांच्या बोटी वेगळ्याच. २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई आठवणाऱ्यास धक्क्याला बांधून पडलेल्या गस्ती बोटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

समुद्रातील डिझेल इंजिन खाऱ्या पाण्याने थंड होते. ते पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर झिजतो. तो तुटला की इंजिन तापते. पाण्याची जाळी गाळाने आणि प्लास्टिकने तुंबते. इंधनात पाणी शिरते, म्हणून फिल्टर वारंवार पाहावा लागतो. ही सारी साधी कामे आहेत. पण बोटीत दोन इंजिने शेजारी शेजारी बसवली आणि पंप व फिल्टर बाहेरच्या कडेला, बोटीच्या भिंतीलगत गेले, की तेथे हात जात नाही. वर केबिनचे सोफे आणि फळ्या असल्या, तर दहा मिनिटांच्या कामासाठी अर्धा दिवस मोडतो. मग ते काम पुढे ढकलले जाते आणि दोष खलाशाच्या आळसाला दिला जातो.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, मालाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल तर बाजार बिघडतो. येथे तीही सबब नाही. दोष झाकणाखालीच असतो. ग्राहक झाकण उघडत नाही. कारण उघड आहे. खरेदीचा खर्च भांडवली शीर्षाखाली आज दिसतो. दुरुस्तीचा खर्च महसुली शीर्षाखाली नंतर येतो, आणि तोवर खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

यावर ठरलेले उत्तर मिळते: नियमाने सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावीच लागते. हे अर्धसत्य आहे. दरांची तुलना तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्येच होते, आणि त्या अटी लिहिणे सर्वस्वी खात्याच्या हातात असते. वित्त मंत्रालयाची खरेदी नियमपुस्तिकाही संपूर्ण आयुष्यमानातील खर्चाचा विचार करावयास सांगते. तेव्हा हात नियमांनी बांधलेले नाहीत.

अटी मोजता येतील अशाच असाव्यात. तेल, पाणी व पट्टे यांची रोजची तपासणी काहीही न उचकटता व्हावी. दोन्ही इंजिनांच्या दोन्ही बाजूंना माणूस पोहोचावा. डेक न कापता इंजिन बाहेर काढता यावे. आणि चाचणीच्या दिवशी, बोट पाण्यात असताना, खात्याच्याच मिस्त्रीने समितीसमोर इम्पेलर व फिल्टर ठरावीक वेळेत बदलून दाखवावेत. जमले नाही तर बोट नापास.

यामुळे केबिनमधील दोन आसने कमी होतील, किंमत थोडी वाढेल, हे मान्य. परंतु पाहुण्यांच्या बैठकीसाठी इंजिनाची जागा खाणारी बोट स्वस्त म्हणणे, हा हिशेब अपुरा आहे. खरेदी समितीच्या सदस्यांनी केबिनमधील चहा जरूर घ्यावा. मात्र तत्पूर्वी प्रत्येकाने एकदा इंजिनाशेजारी उतरून यावे, आणि तेथे काय दिसले ते सहीनिशी नोंदवावे.